रेव्हरंड टिळक आणि मराठी उपासनेचा स्वर

ख्रिस्ती मंदिरात देवाची उपासना कोणत्या रीतीने करावी, या प्रश्नावरून जगातील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत गेली काही दशके एक वाद धुमसत आहे. एका बाजूला ठरलेला उपासनाक्रम, जुनी गीते आणि ऑर्गनची धीरगंभीर साथ यांना मानणारा वर्ग आहे. दुसऱ्या बाजूला, १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत उदयास येऊन सर्वत्र पसरलेल्या नव्या पद्धतीचा, म्हणजे गिटार, ड्रम, टाळ्या आणि रोजच्या बोलीतील सोपी गाणी यांचा पुरस्कर्ता वर्ग आहे. पहिल्याला दुसऱ्याची उपासना उथळ वाटते; दुसऱ्याला पहिल्याची निर्जीव वाटते. महाराष्ट्रातील मंडळ्याही या वादापासून अलिप्त नाहीत. तथापि येथे या वादाला एक निराळा पदर आहे. मराठी ख्रिस्ती माणूस परंपरा हा शब्द उच्चारतो, तेव्हा त्याला नेमकी कोणती परंपरा अभिप्रेत असते? इंग्रजी चालींवर बसविलेली एकोणिसाव्या शतकातील गीते, की त्याहून कितीतरी जुन्या अभंगाच्या घाटात रचलेली भजने? शिवाय, जी भजने आज जुनी म्हणून ओळखली जातात ती प्रथम गायिली गेली त्या दिवशी नवीच होती, ही गोष्टही दृष्टीआड करता येत नाही.

या प्रश्नाचे उत्तर तात्त्विक चर्चेपेक्षा एका आयुष्यात अधिक स्पष्टपणे सापडते. ते आयुष्य रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. शालेय पाठ्यपुस्तकांमुळे मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'मुळे तो त्यांना उदार, शीघ्रकोपी आणि संसारात बेहिशेबी असा गृहस्थ म्हणूनही ओळखतो. परंतु त्यांच्या आयुष्याची अखेरची चोवीस वर्षे ज्या कार्यात गेली, ते मराठी ख्रिस्ती उपासनेला तिचा स्वतःचा स्वर मिळवून देण्याचे कार्य ख्रिस्ती समाजाबाहेर फारसे परिचित नाही. त्या कार्याची किंमत त्यांनी कशी चुकती केली, हे तर त्याहूनही कमी लोकांना ठाऊक आहे.

कोकण ते राजनांदगाव

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने अतिशय कडक होते. आई जानकीबाई मृदू आणि भाविक होती. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास आईचे छत्र हरपले आणि मुलाचे घरातले मनही उडाले. घर सोडून तो नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाकडे संस्कृतचे अध्ययन घडले. इंग्रजी शिक्षण मात्र अपुरेच राहिले. नाशिक हे क्षेत्र. तेथील घाटावर आणि देवळांत कीर्तन, पुराण, भजन यांचा राबता अखंड चालू असे. पुढे ज्या सामग्रीवर टिळकांनी आपले कार्य उभारले, ती अशा रीतीने त्यांना कोणा पुस्तकातून मिळवावी लागली नाही. ती त्यांच्या कानांत लहानपणापासून साठत गेली होती.

१८८० साली त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी झाला. याच पुढे महाराष्ट्राला ज्ञात झालेल्या लक्ष्मीबाई. त्यांच्या माहेरी सोवळ्याओवळ्याचे स्तोम पराकोटीचे होते. इकडे टिळक एका गावात किंवा एका नोकरीत फार काळ स्थिरावले नाहीत. अखेर नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना संस्कृत ग्रंथांसंबंधीचे काम मिळाले आणि विद्वान व कवी म्हणून त्यांचे नाव होऊ लागले. धर्मविषयक चर्चेसाठी 'ऋषि' नावाचे एक मासिकही त्यांनी चालविले. जातिभेदाने पोखरलेल्या या देशाचे पुनरुत्थान कोणत्या धर्मविचाराच्या बळावर होईल, हा प्रश्न त्या काळात त्यांच्या मनात सतत घोळत होता. ते धर्मचिंतनाकडे वळले होते ते असे देशचिंतनाच्या वाटेने. 

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. बोलणे काव्यावरून धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. हा गृहस्थ कोण, हे टिळकांना नंतरही कळले नाही. ग्रंथ वाचण्याचे वचन दिले होते म्हणून त्यांनी तो हाती घेतला. पर्वतावरील प्रवचनापाशी आल्यावर तो त्यांच्याने खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंदिरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो विधी गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न होता रेव्हरंड तुकाराम नथोजी या हिंदी पाळकाच्या हातून झाला, ही गोष्ट त्यांच्या पुढील वाटचालीशी सुसंगत म्हणावी लागेल.

या निर्णयाचा घाव सर्वांत अधिक कोणावर बसला असेल तर तो लक्ष्मीबाईंवर. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना माहेरच्या व नातलगांच्या आश्रयाने राहावे लागले. त्यातला काही काळ पंढरपुरात गेला. सुमारे साडेचार वर्षांनंतर त्या पतीकडे परतल्या, त्या स्वतःचा धर्म आणि स्वतःची चूल वेगळी ठेवूनच. पुढे त्यांच्या मनातील जातिभेदाची भिंत त्यांच्या स्वतःच्याच विचाराने कोसळली आणि १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांच्या उपासनाविचारात घर, भाषा व चालीरीती यांना एवढे महत्त्व का, याचा उलगडा या कौटुंबिक अनुभवाकडे पाहिल्यावर होतो. धर्म बदलला म्हणून माणसाला आपल्या माणसांपासून आणि आपल्या गाण्यापासून तुटावेच लागते काय, हा त्यांच्यापुढे रोजच्या जगण्यातून उभा राहिलेला प्रश्न होता.

नगरची मंडळी आणि तिची गीते

टिळकांची कर्मभूमी ठरले अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ साली मुंबईत उतरले होते. १८३१ मध्ये मिशनने नगरला ठाणे केले आणि १८४२ मध्ये तेथे 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू केले. शाळा, छापखाना, दवाखाना या मार्गांनी मिशनचे काम जिल्हाभर पसरले. मंडळीत येणारे बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरकी झालेली अनेक मुले मिशनच्या आश्रयाला आली. टिळक दांपत्याच्या घरातही अशा मुलांचा सतत वावर असे.

हे मिशन काँग्रिगेशनल पंथाचे होते. या पंथाची उपासना अगदी साधी असते. वेदीवरील समारंभ नाही, छापील प्रार्थनाविधी नाही, मूर्ती वा चित्र नाही. पवित्र शास्त्राचे वाचन, पाळकाची प्रार्थना, दीर्घ प्रवचन आणि सर्वांनी मिळून गायिलेली गीते एवढाच तिचा विस्तार. साहजिकच सामान्य उपासकाला प्रत्यक्ष भाग घेण्याची संधी गीतांच्या वेळीच काय ती मिळे. ही गीते मराठीत आणण्यासाठी मिशनऱ्यांनी परिश्रम घेतले नाहीत असे मुळीच नाही. नगरचे हेन्री बॅलंटाइन यांनी इंग्रजी गीतांची मराठी रूपांतरे मोठ्या संख्येने केली आणि एका पिढीच्या मुखी घातली.

अडचण निष्ठेची नव्हती, ती छंदशास्त्राची होती. इंग्रजी पद्य आघातावर उभे असते. कोणत्या अक्षरावर जोर पडतो यावर त्याची चाल ठरते. मराठी पद्य मात्रांच्या वा अक्षरांच्या मोजणीवर चालते आणि त्यात ऱ्हस्वदीर्घाला महत्त्व असते. इंग्रजी चालीत मराठी शब्द कोंबले की जोर भलत्याच अक्षरावर येतो, दीर्घ स्वर आखडतो, ऱ्हस्व ताणला जातो आणि ओळखीचा शब्दसुद्धा परका होऊन कानी पडतो. त्यात युरोपीय चाल चार निरनिराळ्या स्वरपट्ट्यांच्या मेळासाठी बांधलेली. नगर जिल्ह्यातील खेडूत एकाच स्वरात, एकाने सांगावे आणि इतरांनी धरावे अशा रीतीने गाणारा. शिवाय इंग्रजी पद्धतीचे गीत म्हणावयाचे तर हाती पुस्तक हवे आणि ते वाचता यावयास हवे. भजनाला यांपैकी कशाचीच गरज नसते. ध्रुपद परत परत येते, म्हणून ते पाठ होते. निरक्षर माणूसही दुसऱ्या कडव्यापासून त्यात सामील होऊ शकतो.

याची जाणीव टिळकांपूर्वी कोणाला झालीच नव्हती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १८६०च्या दशकातच नगरच्या ख्रिस्ती मंडळीत कीर्तनाचा प्रयोग सुरू झाला होता आणि कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या गीतकाराने देशी चालींत रचना केल्या होत्या. त्याही मागे जावयाचे तर १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात 'ख्रिस्तपुराण' छापून प्रसिद्ध केले होते. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ एका इंग्रज जेझुइटाने मराठीत लिहिला होता. टिळकांच्या आधी वाट पडलेली होती. परंतु तिची अवस्था मुख्य रस्त्याशेजारच्या पाऊलवाटेसारखी होती. तिला राजमार्ग करण्याचे काम टिळकांनी केले.

अभंगाचा स्वीकार

१९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगरच्या धर्मशिक्षणशाळेत ते शिकवीत. १९१२ पासून अखेरपर्यंत 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. याच काळात मराठी काव्यातही ते अग्रणी होते. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात बालकवी ठोंबरे यांची प्रतिभा उजेडात आली आणि हा तरुण कवी पुढे टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. सांगावयाचे ते असे की, टिळक जेव्हा उपासनेसाठी गीते रचू लागले, तेव्हा मराठी कवितेच्या भर प्रवाहात उभा असलेला कवी ते काम करीत होता. धर्मप्रसाराच्या सोयीसाठी पद्य जुळविणाऱ्याच्या हातून ते काम झाले असते, तर त्याचा परिणाम निश्चितच वेगळा झाला असता.

त्यांची बैठक वारकरी परंपरेत होती. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, अशी त्यांची धारणा होती व ती त्यांनी कधी लपविली नाही. त्यामुळे अभंग हा त्यांच्या दृष्टीने केवळ सोयीचा छंद नव्हता. देवाशी लडिवाळपणे बोलण्याची, त्याच्याशी भांडण्याची, त्याला आई म्हणण्याची आणि स्वतःचे उणेपण उघडे करण्याची जी सवय मराठी मनाला संतांनी लावली होती, ती अभंगाबरोबर आपोआप उपासनेत आली. पाश्चात्त्य गीतांतील देव बहुधा राजा व न्यायाधीश म्हणून सिंहासनावर बसलेला असतो. टिळकांच्या भजनांतील ख्रिस्त गुरू, सखा आणि माउली या नात्यांनी भेटतो. सिद्धांत तोच राहिला, नाते मात्र जवळचे झाले. टाळ, मृदंग, पेटी यांच्या साथीने होणारे भजन आणि पूर्वरंग-उत्तररंग असलेले ख्रिस्ती कीर्तन यांचा त्यांनी स्वतः गावोगाव प्रसार केला. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांची संख्या अडीचशेच्या घरात गेली. हा एका व्यक्तीचा वाटा थक्क करणारा आहे. 'अभंगांजली'तील रचना त्यांच्या अखेरच्या वर्षांतील. 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्रपर महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली.

या बदलाविषयी शंका घेण्यासारखी कारणे होती आणि त्यांचा विचार केल्याशिवाय टिळकांचे मोठेपण सांगणे एकांगी ठरेल. पहिली शंका धर्मशुद्धीची. टाळ-मृदंगाच्या नादाबरोबर देवळाची आठवण येणार, आणि ज्यांनी मूर्तिपूजा सोडली त्यांना ती पुन्हा खुणावणार, ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. पण उपासनेच्या इतिहासात ही शंका प्रत्येक नव्या स्वराच्या वाट्याला आलेली आहे. काँग्रिगेशनल पंथाचे पूर्वज असलेल्या इंग्लंडातील प्युरिटनांना ऑर्गनच भ्रष्ट वाटत असे. १६४४ साली त्यांचे वर्चस्व असलेल्या पार्लमेंटने चर्चमधील ऑर्गन काढून टाकण्याचा हुकूम काढला होता. आयझॅक वॉट्स यांनी १७०७ साली आपल्या स्वतंत्र गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा पवित्र शास्त्रातील स्तोत्रांखेरीज माणसाने रचलेले काही मंदिरात गाणे योग्य नव्हे, असे मानणारे पुष्कळ होते. म्हणजे नगरमध्ये ज्या गोष्टींना परंपरा म्हणून कवटाळले जात होते, त्या आपल्या जन्मभूमीत एके काळी बंडखोर ठरल्या होत्या. आणि भजनातील देशी पेटी तरी मुळात कोठली? ती एकोणिसाव्या शतकात युरोपातून येथे आली आणि शेपन्नास वर्षांत मराठी संगीताच्या घरची झाली.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. टिळक जन्माने ब्राह्मण, मंडळी बहुतांशी अस्पृश्य गणल्या गेलेल्या समाजांची. गावगाड्यात वाजविण्याचे काम ज्यांच्यावर लादलेले होते, त्यांना त्या वाद्यांपासून सुटका हवी असेल तर त्यात नवल नाही. इंग्रजी चाल आणि ऑर्गन यांना गावातल्या जातीचा वास नव्हता, हेच त्यांचे आकर्षण असू शकते. १९८० नंतर दलित ख्रिस्ती धर्मविचार मांडला जाऊ लागला, तेव्हा भारतीयीकरणाच्या नावाखाली ब्राह्मणी संस्कृतीच मंडळीत येत नाही ना, असा प्रश्न विचारला गेला आणि तो रास्त होता. टिळकांच्या बाबतीत त्याचे उत्तर अर्धे होकारार्थी द्यावे लागते. नारदीय कीर्तन हे वरच्या वर्णांत मान्यता पावलेले रूप होय, यात संशय नाही. परंतु टिळकांचा मुख्य भर अभंगावर होता. आणि अभंग हा जसा तुकोबांचा आहे, तसाच देवळाबाहेर उभ्या राहिलेल्या चोखोबांचाही आहे. बहुजनांच्या कंठात शतकानुशतके असलेला हा छंद निवडताना संस्कृतज्ञ टिळकांनी आपले पांडित्य बाजूस ठेवले आणि शब्दही घरगुती वापरले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

पगार आणि पूजा

येथवरचा इतिहास गीतांचा झाला. टिळकांच्या आयुष्याचे शेवटचे पर्व मात्र गीतांच्या पलीकडे जाते, आणि आजच्या वादाला त्याचाच उपयोग अधिक आहे.

काँग्रिगेशनल तत्त्वानुसार प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतंत्र असते. तिच्यावर बिशपाची सत्ता नसते. या मिशनच्या अमेरिकेतील संस्थेचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच असे तत्त्व मांडले होते की, देशी मंडळी स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या कारभाराने व स्वतःच्या प्रसारबळावर चालली पाहिजे. तत्त्व उत्तम होते. व्यवहारात मात्र पाळकाचा पगार, शाळेचा खर्च आणि मंदिराची डागडुजी यांसाठी लागणारा पैसा फार मोठ्या प्रमाणात समुद्रापलीकडून येत राहिला. जिच्याकडून पगार येतो, तिच्या अभिरुचीकडे पगारदाराचे लक्ष राहणे स्वाभाविक आहे. यात कोणाच्या वाईट हेतूचा प्रश्न नाही. खर्च कोण करतो यावर निर्णय कोणाचा हे ठरते, एवढा साधा व्यवहार आहे. दुष्काळाने नागवलेल्या जिल्ह्यातील भूमिहीन माणसांनी पाळकाचा पगार कोठून द्यावा, ही दुसरी बाजूही तितकीच खरी होती.

टिळकांना या व्यवहाराचे मर्म उमगले होते. पैशाच्या बाबतीत ज्यांचा संसार कधी ताळ्यावर नव्हता, अशा या मनुष्याने परावलंबनाचा हिशेब मात्र अचूक मांडला. उसनी चाल आणि उसना पगार ही त्यांच्या लेखी एकाच रोगाची दोन लक्षणे होती. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगारी सेवेचा राजीनामा दिला, मिशनविषयीचा स्नेह न तोडता नगर सोडले आणि साताऱ्यास बिऱ्हाड केले. ख्रिस्ती संन्यासी म्हणून राहावयाचे आणि लोक जे स्वेच्छेने देतील त्यावर निर्वाह करावयाचा, असा त्यांचा संकल्प होता. वय पंचावन्न उलटून गेलेले, प्रकृती साथ देईनाशी झालेली, घरात माणसांचा राबता पूर्वीसारखाच. अशा वेळी ठरावीक उत्पन्नावर पाणी सोडण्याचा अर्थ काय होतो, हे महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या कोणालाही समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. या निर्णयाची झळ पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंना सोसावी लागली. 

साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' या संकल्पनेची मांडणी केली. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही माणसांचा, हा बंधुसंघ असावा. परकी नावे, परके पैसे आणि पंथांची कुंपणे यांपासून तो मुक्त असावा, अशी ती कल्पना होती. उपासनेचे बाह्य रूप बदलून भागत नाही, उपासना करणारा समाज कोणाच्या आधारावर उभा आहे हेही बदलावे लागते, या निष्कर्षापर्यंत ते आले होते. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही सामावून घेण्याची कल्पना अनेक ख्रिस्ती मित्रांना पटण्यासारखी नव्हती आणि ती मंडळीच्या चौकटीत बसणेही कठीण होते. तिची कसोटी लागण्यास अवसरच मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. दफनाचा रिवाज असलेल्या समाजात त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि अस्थी नगरला नेण्यात आल्या. 'दरबार' बाळसे धरण्यापूर्वीच विराम पावला.

टिळकांनंतर

टिळकांचा प्रभाव मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. जॅक विन्स्लो या इंग्रज अँग्लिकन धर्मोपदेशकाने त्यांच्यापासून स्फूर्ती घेऊन १९२० साली नगर जिल्ह्यात ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली आणि १९२३ साली टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. याच संघातून पुढे व्हेरिअर एल्विन भारतात आले. कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेत लोकभाषांच्या वापरास वाट मोकळी केली आणि लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा सुरू झाली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अमेरिकन मिशनच्या परंपरेतील मंडळ्याही तिच्यात सामील होत्या. एकोणिसाव्या शतकातील पंथभेदांची जी कुंपणे टिळकांना जाचत होती, त्यांपैकी काही अशा रीतीने त्यांच्या पश्चात मोडली. 

आज मराठी मंडळीत तीन प्रकारची गीते शेजारी शेजारी नांदताना दिसतात. इंग्रजी चालींवरची जुनी गीते आहेत, टिळकांची भजने आहेत आणि गिटारच्या साथीने म्हटली जाणारी नवी गाणीही आहेत. नव्या गाण्यांपैकी पुष्कळशी इंग्रजी वा हिंदीतून उतरविलेली असतात आणि त्यांतही भलत्या अक्षरावर जोर पडण्याचा तो जुना दोष पुन्हा डोकावतो. तरुणांना ती प्रिय आहेत, त्याअर्थी त्यांच्या मनाची काही भूक ती भागवीत असणार. केवळ वाद्य परके म्हणून त्यांना नाके मुरडणे टिळकांच्या वृत्तीला मानवले नसते. पेटीप्रमाणे गिटारही या मातीत रुळू शकेल. त्याचप्रमाणे केवळ जुनी म्हणून भजने दर रविवारी यांत्रिकपणे म्हणणे, हाही टिळकांचा वारसा चालविणे नव्हे. त्यांनी आपल्या पूर्वसूरींच्या रचना नुसत्या गिरविल्या नाहीत. त्यांच्या छंदात स्वतःच्या काळाचे आणि स्वतःच्या अनुभवाचे शेकडो नवे अभंग रचले.

म्हणूनच जुने की नवे, या प्रश्नाऐवजी त्यांच्या आयुष्यातून निघणारे तीन प्रश्न प्रत्येक मंडळीने स्वतःला विचारले पाहिजेत. गाणाऱ्याला शब्द आपल्या घरातले वाटतात काय? ज्याच्याजवळ पुस्तक नाही, वाद्य नाही, शिक्षण नाही, त्यालाही गाण्यात भाग घेता येतो काय? आणि या उपासनेचा भार ती करणारी माणसे स्वतः उचलतात काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कवी व गायक यांच्या हाती आहेत. तिसऱ्याचे उत्तर प्रत्येक सभासदाच्या खिशाशी व सवयींशी निगडित असल्यामुळे ते टाळण्याकडेच सर्वांचा कल असतो. टिळकांनी ते १९१७ साली स्वतःपुरते दिले. त्यानंतर त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यांचे अभंग आजही गायिले जातात, पण त्या दोन वर्षांत त्यांनी हाती घेतलेला प्रयोग अद्याप अपुराच आहे.